जरबेराच्या माना आणि पन्नाशीनंतरचं काम

प्रश्न: माझं वय 26. कराडला देवळाबाहेर आमचं हार-फुलांचं दुकान आहे. दहावीपासून मी आई-बाबांबरोबर हाराला बसते. गेल्या वर्षभरात ओळखीतल्या तीन कार्यांची सजावट केली. एप्रिलमध्ये लॉनवर साखरपुडा होता. सकाळी सहाला काम सुरू केलं, संध्याकाळी सातला पाहुणे आले तेव्हा चारशे जरबेरांपैकी निम्म्यांनी माना टाकल्या होत्या. ऐनवेळी फुलं आणावी लागली. काम 35,000 ला घेतलं होतं, हातात 2,100 उरले. आता मुंबईत तीन महिन्यांचा फ्लोरल डिझाईनचा डिप्लोमा करावा असं वाटतं, फी दीड लाख आहे. बाबा म्हणतात, हारवाल्याची पोर फुलं शिकायला क्लासला जाणार का? आईच्या बोटांना बारा महिने भेगा असतात, ते बघून भीतीही वाटते. हे काम जन्मभर करता येईल का?
– एक वाचक, कराड

उत्तर: करता येईल. या धंद्यात साठी ओलांडलेली माणसं आहेत, फक्त ती शिडीवर दिसत नाहीत. पहाटे बाजारात माल निवडताना, यजमानांशी बोलणी करताना किंवा टेबलाशी बसून वरमाला बांधताना दिसतात. तिथवर कसं पोचायचं ते पुढे सांगतो. आधी जरबेराचं बघू, कारण असे दोन प्रसंग अजून झाले तर पन्नाशी राहिली लांब, पुढची सुपारीच कोणी देणार नाही.

जरबेराचा दांडा आतून पोकळ आणि बाहेरून लवदार असतो. त्याला लाकूड नाही, तो ताठ राहतो तो निव्वळ आतल्या पाण्याच्या दाबावर. बुडाचा तांबूस, कडक भाग पाणी ओढत नाही, तरी पुष्कळ जण फूल तसंच बादलीत ठेवतात. बादली गळ्यापर्यंत भरली की लवदार दांडा कुजायला लागतो, जिवाणू वाढतात आणि पाणी वर जायची वाट बुजते. फुलाच्या लगेच खालचा भाग सगळ्यात कोवळा, म्हणून मान तिथेच पडते. तुमची फुलं टेम्पोतून थेट लॉनवर गेली असावीत. म्हणजे सकाळी सहाला ती आधीच तहानलेली होती, आणि वर एप्रिलचं ऊन.

पुढच्या वेळी माल आदल्या संध्याकाळीच ताब्यात घ्या. बादल्या साबणाने घासून घ्या. नुसत्या विसळलेल्या बादलीत आधीच्या फुलांचा बुळबुळीत थर राहतो आणि अर्धी फुलं तिथेच मरतात. बादलीत पाणी फक्त 5 ते 7 सेंटिमीटर घ्या, त्यात लिटरला 1 मिली घरगुती ब्लीच घाला. साधं, बिनवासाचं, साधारण 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं ब्लीच हवं, साबण मिसळलेलं नको. दांड्याचं बूड धारदार सुरीने 3-4 सेंटिमीटर तिरकं कापा. कात्री बोथट असली तर पोकळ दांडा चेपतो. मग बादलीवर जाळी टाकून फुलं जाळीच्या भोकांतून अशी सोडा, की फूल जाळीवर टेकेल आणि दांडा सरळ खाली लोंबेल. सावलीत चार तास तरी असंच राहू द्या. वाकलेल्या अवस्थेत जरबेरा पाणी प्याला तर तो त्याच बाकासकट ताठ होतो, मग काही केलं तरी सरळ होत नाही.

आता फुलं खोचायचा फोम. ज्याला बाजारात सगळे ओॲसिस म्हणतात, ती हिरवी वीट साधारण 23 × 11 × 8 सेंटिमीटरची असते आणि जवळपास दोन लिटर पाणी धरते. ती पाण्यावर ठेवून द्यायची. एक-दोन मिनिटांत ती आपली आपण बुडते. घाईत हाताने दाबली किंवा नळाखाली धरली, की बाहेरून गडद होते पण आत हवेचा कप्पा अडकतो, आणि नेमका त्याच कोरड्या कप्प्यात दांड्याचं टोक जातं. शंका आली तर एक वीट मधोमध कापा, आत फिकट डाग दिसला तर सगळ्या विटा तशाच भिजल्या आहेत असं समजा. जरबेराचा मऊ दांडा फोममध्ये थेट खुपसू नका, टोक चेपतं. आधी बांबूच्या काडीने भोक पाडा. एकदा खोचलेला दांडा थोडा वर ओढलात तर खाली पोकळी राहते, तेव्हा काढायचा तर पूर्ण काढून नव्या जागी खोचा. वाळलेली वीट पुन्हा नीट भिजत नाही, वाचवायच्या फंदात पडू नका.

तसाही या फोमवरचा भरवसा कमी करत जा. तो प्लास्टिकच आहे, चुरून त्याचे सूक्ष्म कण होतात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2021 पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला बंदी घातली. आपल्याकडे त्याच्याहून जुनी युक्ती आहे: केळीचा खुंट. दीड-दोन फुटांचे तुकडे करून आडवे बांधा, भोक पाडून दांडे खोचा. आतलं पाणी एका कार्यापुरतं पुरतं, आणि खर्च जवळजवळ शून्य. केळीच्या चिकाचा डाग मात्र कापडावरून निघत नाही, त्यामुळे पडदे लावण्याआधी खुंट कापून निथळून घ्या. टेबलावरच्या रचनांना कोंबडीजाळीचा गोळा किंवा काटेरी पितळी पिनहोल्डर पुरतो, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो.

केळीवरून आठवलं म्हणून सांगतो. मंडपाच्या दारात बांधायचे घड पिकलेले असतील तर ते फुलांच्या टेम्पोत घालू नका. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो. कार्नेशनच्या पाकळ्या त्याने आत मिटतात आणि फूल झोपल्यासारखं दिसतं, ऑर्किडची फुलं दांडीवरून गळतात. आंब्याच्या पेट्यांचं तेच. चालू इंजिनाच्या धुरातही हा वायू असतो, म्हणून फुलं उतरवताना टेम्पो बंद ठेवायला सांगा.

एप्रिलच्या लॉनवर क्रम असा ठेवा: सकाळी सांगाडा, कापड आणि पानं. दुपारी झेंडू, शेवंती काडी, कार्नेशन. गुलाब आणि जरबेरा चारनंतर, तेही स्टेजच्या सावलीतल्या भागात. आणि खरं सांगायचं तर अशा ठिकाणी चारशे जरबेरा घेऊच नयेत. शंभर घ्या, समोरच्या नजरेच्या पट्ट्यात लावा, बाकी जागा कार्नेशन आणि शेवंतीने भरा. यजमानांना रंग हवा असतो, फुलाच्या जातीचा आग्रह क्वचितच असतो. म्हणूनच अंदाजपत्रकात लिहायचं: ‘रंगसंगती ठरल्याप्रमाणे; फुलांची जात बाजारातील उपलब्धतेनुसार बदलू शकते.’ या एका ओळीने पुष्कळ भांडणं टळतात.

आता पैसे. तुम्ही पाठवलेला हिशेब असा: फुलं 17,500, फोम-कापड-फ्रेमचं भाडं 5,400, टेम्पो 3,500, दोन मदतनीस 4,800, संध्याकाळची जादा फुलं 1,700. एकूण 32,900. यात तुमची मजुरी नाही, आईने रात्री जागून केलेल्या माळा नाहीत, दुसऱ्या दिवशी सगळं उतरवायला गेलेला वेळ नाही. म्हणजे 2,100 हा नफा नव्हे, तो तुम्हा दोघींचा अर्धामुर्धा रोज आहे. फुलांचा खर्च एकूण रकमेच्या 35 ते 40 टक्क्यांच्या वर गेला की बाकीच्यांना पैसे पुरत नाहीत. तुमचा तो निम्मा आहे. 17,500 ची फुलं लागणार असतील तर काम 44,000 ते 50,000 च्या दरम्यान सांगायला हवं होतं. तेवढं देणारं गिऱ्हाईक नसेल तर फुलं 13,000 ची करायची, दर पाडायचा नाही.

दर सांगण्याआधी फुलं मोजायला शिका. समजा 8 × 10 फुटांचा पूर्ण फुलांचा पडदा आहे. उमललेला डच गुलाब सुमारे 5 सेंटिमीटरचा, चौरस फुटात दाटीवाटीने छत्तीस बसतात. मधे पानं घातली तर पंचवीस पुरतात. 80 चौरस फुटांना 2,000 फुलं, 20 नगांची एक गड्डी म्हणजे 100 गड्ड्या, त्यावर मोड-तोड दहा टक्के, एकूण 110. हा आकडा बाजारभावाने गुणला की यजमानांनी मोबाईलवर दाखवलेल्या फोटोची किंमत कळते, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना घाम फुटतो. मग पडद्याचा मधला पट्टाच भरायचा, कडांना पानं आणि झेंडूच्या माळा सोडायच्या, हे त्यांना समोर कागदावर काढून दाखवता येतं. झेंडूचं गणित मात्र आमच्याकडून घेऊ नका. एक किलो फुलं ओवून माळ मोजा. कलकत्ता झेंडूची वेगळी, कापरीची वेगळी. दुकानातच होईल, भिंतीवर लिहून ठेवा.

दसरा-दिवाळीत आणि दाट तिथीच्या दिवशी भाव दुप्पट-तिप्पट होतात. म्हणून अंदाजपत्रकाला मुदत घाला. निम्मे पैसे तारीख धरताना, चाळीस टक्के माल घेण्याआधी, उरलेले त्याच दिवशी. ‘नंतर बघू’ म्हणणारे पाहुणे सगळ्यांनाच भेटतात. ताज्या फुलांवर जीएसटी नाही, पण सजावट ही सेवा आहे, तिच्यावर तो लागतो. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या पुढे जायला लागली की नोंदणी करावी लागते, तेव्हा आत्तापासून बिलं जपा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंद, फुकट होते, ती करून टाका.

बाबांच्या बोलण्यात राग असेल, पण एक गोष्ट त्यांना तुमच्याहून चांगली ठाऊक आहे: हार हे हलकं काम नाही. मुंबई-पुण्यातून डिप्लोमा घेऊन येणाऱ्या बहुतेकांना गजरा बांधता येत नाही. दोन कळ्या एका बाजूला, दोन उलट बाजूला, दोऱ्याचा फास टाकून ओढायचा. जास्त ओढला तर कोवळे देठ कापले जातात, कमी पडला तर डोक्यात माळल्यावर तासाभरात कळ्या खांद्यावर. तो ताण किती असावा हे आईच्या बोटांना कळतं. तुम्हाला मिळालेलं हे भांडवल आहे आणि आमच्या मते तुमचा धंदा त्याच्यावरच उभा राहावा: वरमाला, मुंडावळ्या, वधूच्या वेण्या, डोहाळजेवणाला फुलांची वाडी, मंगळागौर, बारसं. यात शिडी नाही, टेम्पो नाही, माणसं कमी आणि पैसे हातात. मोठे मंडप वर्षातून मोजकेच घ्या.

वरमालेकडे थोडं बारकाईने बघू. दुकानातला हार देवाच्या मूर्तीवर किंवा फोटोवर स्थिर राहतो. वरमाला माणूस घालतो, वाकतो, फोटोसाठी तासभर उभा राहतो. दोन किलोची माळ बारीक चणीच्या मुलीच्या मानेला नकोशी होते. गुलाबाच्या पाकळ्या दुमडून ओवल्या की फूल मोठं दिसतं आणि वजन निम्मं होतं, फक्त ते काम आदल्या रात्री करता येत नाही, घड्या काळ्या पडतात. मानेवर येणारा 20-25 सेंटिमीटरचा भाग फुलांशिवाय ठेवा, तिथे मऊ सुती फीत गुंडाळा. त्या भागात तार अजिबात नको. ती पैठणीच्या जरीत अडकते आणि त्यानंतर तुमचं नाव कोणत्या शब्दांत घेतलं जाईल ते सांगायला नको. लिलियम वापरत असाल तर फूल उमलताच आतले परागकोश चिमटीने काढा, पिवळे पडायच्या आत. पराग साडीवर पडलाच तर पाणी लावू नका आणि बोटाने पुसू नका. चिकटपट्टी हलकेच लावून उचला.

वाडीसाठी मोगऱ्याच्या कळ्या पाण्यात भिजवू नका, थेंब राहिला की तिथे तपकिरी डाग पडतो. ओल्या पिळलेल्या मलमलमध्ये सैल गुंडाळून डब्यात ठेवा. मार्च ते जून मोगरा मिळतो, थंडीत कागडा घ्यायचा. बाजूबंद आणि कंबरपट्टा थेट त्वचेला लागतो, म्हणून तारेची टोकं आत वळवून वर फुलांची टेप गुंडाळा. गुलछडी या दागिन्यांना मोहक दिसते, पण डोहाळजेवणाला आधी विचारा. गरोदरपणी तिचा उग्र वास सगळ्यांना सोसत नाही.

वर्षाचं चक्र तुम्हाला दुकानामुळे माहीतच आहे, फक्त सजावटीच्या डोळ्याने पुन्हा पाहा. श्रावणात मंगळागौरी, मग गणपती. पितृपक्षात शुकशुकाट, की लगेच नवरात्र-दसरा. तुळशीचं लग्न झालं की लग्नं सुरू, मार्गशीर्षातल्या गुरुवारी वेण्या आणि पत्री, पौषात पुन्हा मंदी. गुरू-शुक्राचा अस्त आणि अधिक मास पंचांगात आधीच बघायचे. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ मे-जूनमध्ये येतो, म्हणजे ऐन लग्नसराईचा महिना गेला. मंदीत हात रिकामे राहू नयेत म्हणून एखादं हॉटेल, बँकेची शाखा, दवाखाना यांचं आठवड्याचं काम धरा. दर सोमवारी एक-दोन रचना बदलायच्या, पैसे थोडे पण बारमाही. बिल थकवायची सवय या गिऱ्हाइकांना असते. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल कायद्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवावं लागतं, ते बिलाच्या खालीच छापा.

आता आईच्या बोटांविषयी. बारा महिन्यांच्या भेगा फक्त पाण्यामुळे पडत नाहीत. शेवंती आणि तिच्या कुळातल्या फुलांच्या रसाने अनेकांना त्वचेची ॲलर्जी होते. अल्स्ट्रोमेरिया आणि ट्युलिपमध्ये ट्युलिपोसाइड नावाचं द्रव्य असतं, त्यानेही अंगठा आणि पहिली दोन बोटं सुकून फुटतात. अशी ॲलर्जी एकदा झाली की सहसा कायमची राहते, मलम लावून तेच फूल पुन्हा हाताळण्यात अर्थ नाही. आईंना त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या आणि पॅच टेस्टबद्दल विचारा, म्हणजे नेमकं कोणतं फूल टाळायचं ते कळेल. तुम्ही स्वतः आजपासून निळे नायट्राइलचे हातमोजे वापरा. साधे व्हिनाइलचे मोजे ट्युलिपोसाइड अडवू शकत नाहीत. मोज्यांचं दुसरं कारण फवारणी. बेल्जियममध्ये फुलवाल्यांनी काम करताना घातलेले हातमोजे तपासले तेव्हा त्यांवर अनेक कीटकनाशकांचे अंश सापडले होते. आपल्याकडच्या मालावर फवारणी कमी होते असं मानायला जागा नाही. फुलं हाताळताना तोंडात दोरा धरायची सवय दुकानात सगळ्यांना असते. ती मोडा. धनुर्वाताची लस वेळेवर घ्या, गुलाबाचा काटा रोजचाच.

गुडघे, पाठ आणि मनगट यांची किंमत तिशीत कळत नाही. जमिनीवर मांडी घालून आठ तास ओवण्यापेक्षा कोपराच्या उंचीचं टेबल करून घ्या. पाण्याने भरलेली 20 लिटरची बादली उचलायची नाही, चाकांच्या पाटावर ढकलायची. छाटणीची कात्री हाताला बसेल अशी घ्या आणि आठवड्याला धार लावा; बोथट कात्रीने एका सीझनमध्ये अंगठ्याच्या मुळाशी दुखणं लागतं. दहा फुटांवरचं काम बांबूवाल्या मंडप-कारागिरांकडून करून घ्यायचं आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात धरायचे. पन्नाशीनंतर तुमच्याकडे उरायला हवीत ती कामं म्हणजे खरेदी, रचना ठरवणं, वरमाला आणि शिकवणं. त्यासाठी चाळिशीच्या आत दोन पोरी हाताखाली तयार झालेल्या हव्यात. आणि जागा असेल तर दोन-चार गुंठे पानांसाठी: अरेका पाम, ड्रॅसिना, शतावरी. पानं विकत घेण्यात जाणारा पैसा सजावटवाले कधी मोजत नाहीत.

डिप्लोमाला आमचा विरोध नाही, दीड लाखाला आहे. चौकशी करताना एवढंच विचारा: रोज एका विद्यार्थ्याच्या हाताखालून किती काड्या जातात, फुलांचा खर्च फीमध्ये आहे का, आणि दर काढायला शिकवतात का. तिन्हीची उत्तरं गोलमाल आली तर सोडून द्या. नजर घडवायला इकेबाना, म्हणजे जपानी पुष्परचना, चांगली, कमी फुलांत काम भागवायला ती शिकवते. तिची सर्वात जुनी शाळा इकेनोबो, क्योटोच्या रोक्काकुदो देवळात भिक्षू बुद्धापुढे फुलं ठेवत, त्यातून वाढली. बाबांना हे जरूर सांगा, देवळाबाहेरच्या दुकानाला कमी लेखायचं कारण उरत नाही. पॉलिहाऊसमध्ये फूल कसं वाढतं आणि काढणीनंतर त्याचं काय होतं हे कळायला तळेगाव दाभाडेला कृषी पणन मंडळाची काढणीपश्चात तंत्रज्ञानाची संस्था आहे, तिथल्या लहान प्रशिक्षणांची चौकशी करा. आणि पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात किंवा दादरच्या फूल मंडईत एखाद्या व्यापाऱ्याकडे महिनाभर पहाटे उभं राहायला मिळालं तर ते सोडू नका. गुलाबाची कळी दाबून ती किती दिवसांची आहे हे तिथेच कळतं.

फीचे जे पैसे वाचतील त्यांतून आधी शीतपेयांच्या दुकानांत असतो तसा एक जुना काचेचा कूलर घ्या. गुलाब, कार्नेशन, शेवंती त्यात 4 ते 6 अंशांवर सुखाने राहतात. अँथुरियम, हेलिकोनिया आणि ऑर्किड आत ठेवू नका. 12-13 अंशांखाली ती काळवंडतात, त्यांना दुकानातला सावलीचा कोपराच बरा. कूलरच्या दाराशी पंखा येतो तिथे फुलं उघडी ठेवली तर पाकळ्यांच्या कडा सुकतात, वर्तमानपत्राचा कागद सैल गुंडाळा. आणि घरच्यांना बजावून ठेवा, त्यात आंबे, केळी, सफरचंदं ठेवायची नाहीत, एका रात्रीपुरतीसुद्धा.